क्लचमागचा स्विच

अण्णांच्या जीपच्या डॅशबोर्डवर दोन दट्टे शेजारी शेजारी होते. एक चोकचा, दुसरा हँड ॲक्सिलेटरचा. चोक त्या पिढीतल्या सगळ्यांना आठवत असेल. हँड ॲक्सिलेटर मात्र जीपवाल्यांनाच ठाऊक, नाहीतर ट्रॅक्टरवाल्यांना. ट्रॅक्टरवर तो अजूनही असतो, स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या रूपात. जीपचा दट्ट्या जेवढा बाहेर ओढाल तेवढी रेस धरून राहायची. पाय उचलला तरी इंजिन त्याच सुरात चालत राहायचं. गाडी उभी करून एखादा पंप फिरवायचा असला किंवा थंडीत इंजिन बंद पडू द्यायचं नसलं, की त्या दट्ट्याला हात जायचा.

अण्णा एका सरकारी खात्यात चालक होते आणि आम्ही मेहकरला राहायचो. जालन्याहून मेहकर, पुढे मालेगाव, कारंजा असा तो जुना रस्ता. मधोमध एका गाडीपुरतं डांबर, दोन्हीकडे मातीच्या साइडपट्ट्या, आणि समोरून कोणी आलं की एक चाक खाली उतरवायचं. रात्री साहेबांना घेऊन परतताना सिंदखेडराजा सोडलं की अण्णांचा उजवा पाय एकाच जागी दाबून दाबून बधिर झालेला असायचा. मग सरळ पट्टा बघून ते दट्ट्या थोडा ओढायचे आणि पाय मोकळा करायचे. हात मात्र तिथेच, दट्ट्यापाशी. समोर बैलगाडीचा कंदील दिसला की आधी दट्ट्या आत, मग क्लच, मग ब्रेक. हा क्रम त्यांच्या हाताला इतका बसला होता की बोलता बोलता व्हायचा.

क्रम मागेपुढे झाला तर काय होतं तेही मी एकदा मागच्या सीटवरून ऐकलं आहे. दुसरा एक नवा चालक जीप चालवत होता. त्याने दट्ट्या बाहेर असतानाच क्लच दाबला आणि इंजिन असं किंचाळलं की झोपलेले साहेब उठून बसले. त्यामागचं कारण अण्णांनी मला दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून समजावलं. क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटतं, त्याच्यावरचा भार एकदम जातो. पेट्रोल मात्र तेवढंच येत राहतं. मग ते फिरत सुटणारच.

आजचं क्रूझ कंट्रोल आणि त्याचं क्लचशी असलेलं नातं समजून घ्यायला मला त्या किंचाळण्याइतका चांगला धडा दुसरा मिळालेला नाही.

आता मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते आमणे, ७०१ किलोमीटर. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा. अशा रस्त्यावर उजव्या पायाने एकच वेग तासभर धरून ठेवणं म्हणजे पायाला शिक्षाच, म्हणून लोक अंगठ्याने स्टिअरिंगवरचं बटण दाबतात आणि पाय मागे घेतात. आपल्याकडे ही सोय मॅन्युअल गाड्यांतही मिळते. बलेनो, आय-२०, सिटी, नेक्सॉन, कितीतरी गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत ती आहे. अमेरिकेत हाताने गिअर टाकायची गाडी आता क्वचितच दिसते, त्यामुळे क्रूझ म्हटलं की तिथल्या माणसाच्या डोळ्यापुढे ब्रेक येतो, क्लच येत नाही. आपल्याला क्लचचा विचार करावाच लागतो.

ही वस्तू मुळात ज्याने शोधली त्याची गोष्ट मला फार आवडते. राल्फ टीटर हे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले इंजिनिअर, वयाच्या पाचव्या वर्षी अपघातात दोन्ही डोळे गेलेले. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलायला लागले की गाडी हळू व्हायची, ऐकायला लागले की पळायची, आणि शेजारी बसलेल्या टीटरना ते हिसके असह्य व्हायचे असं सांगतात. वेग एकसारखा ठेवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट त्यांना १९५० मध्ये मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ती बसली. ज्याला स्पीडोमीटरचा काटा कधीच दिसला नाही त्याला वेगातला फरक अंगाने कळला. गाडीतला बिघाडही बहुतेक वेळा तसाच आधी अंगाला कळतो. दिवा नंतर लागतो.

पुढे बरीच वर्षं क्रूझचं काम इंजिनच्या व्हॅक्यूमवर चाले. रबरी पडदा असलेला एक डबा व्हॅक्यूमने आत ओढला जायचा आणि तो थ्रॉटलची केबल ओढून धरायचा. पेडलपाशी इलेक्ट्रिक स्विच असायचा, शिवाय पुष्कळ गाड्यांत एक हवेचा व्हॉल्व्हही. पाय पडला की व्हॉल्व्ह उघडून व्हॅक्यूम फुस्सकन निघून जायचा आणि केबल सुटायची. आपल्याकडे बहुतेकांनी हे पाहिलंच नाही. आपल्या हाती क्रूझ आलं ते थेट कॉम्प्युटरवाल्या गाडीत, जिथे ॲक्सिलेटरला केबलच नाही. त्यामुळे आत काय चाललंय ते हाताला लागत नाही.

हाताला लागतात ते फक्त दोन स्विच. ब्रेक पेडलच्या दांड्यामागे एक, क्लच पेडलच्या दांड्यामागे एक. अण्णांचा हात जे काम करायचा ते आता हे दोघे करतात. पेडल वर टेकलेलं असतं तोवर स्विचचा छोटा खिळा दाबलेला राहतो. पेडल थोडंसं खाली गेलं की खिळा सुटतो आणि कॉम्प्युटरला निरोप जातो: क्लच दाबला, वेग सोड. काही गाड्यांत ही रचना उलटी असते, पण निरोप तोच. काही नव्या गाड्या पटकन गिअर बदलला तर क्रूझ पुरतं सोडत नाहीत, गिअर पडला की परत तोच वेग धरतात. पण क्लच दाबलेला असताना पेट्रोल वाढवायचं नाही हे त्यांनाही त्याच स्विचकडून कळतं.

मग हा स्विच बिघडला तर?

बिघाड दोन दिशांनी होतो आणि दोन्हींचं वागणं अगदी वेगळं आहे. पहिल्यात कॉम्प्युटरला वाटतं की क्लच सतत दाबलेला आहे. मग क्रूझ लागतच नाही. डॅशबोर्डवर क्रूझचा दिवा येतो, पण सेट दाबलं की काही होत नाही. किंवा लागतं आणि खड्डा आला, पुलाचा जोड आला की आपोआप सुटतं. म्हणजे स्विच अगदी काठावर आलेला आहे, पेडल जरा हललं तरी निरोप जातो. हा बिघाड वैताग आणणारा, पण धोक्याचा नाही. दुसरा बिघाड त्या जीपसारखा. क्लच दाबला तरी कॉम्प्युटरला पत्ताच नाही. तो वेग धरायला बघतो, चाकांपर्यंत जोर पोचत नाही, म्हणून आणखी रेस देतो. काही गाड्या इंजिनचे फेरे आणि चाकांचा वेग यांचा मेळ बसत नाही हे ओळखून सोडून देतात, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

इथे एक फरक कान देऊन ऐकावा लागतो. आजकालच्या पेट्रोल गाड्यांत क्लच दाबल्यावर आरपीएमचा काटा खाली यायला क्षणभर वेळ लावतो. तो बिघाड नव्हे. काटा वर चढला तर बिघाड. आणि क्लचला पाय न लावताच चढावर इंजिनचा आवाज वाढतोय, वेग मात्र तिथेच आहे, असं झालं तर स्विचला दोष देऊ नका. तिथे क्लच प्लेट घसरतेय. ताशी ४० च्या आसपासच्या खाली बहुतेक क्रूझ धरतच नाही, तेव्हा गावात तपासून 'बंद पडलं' म्हणू नये.

आमच्या मेहकरला बसस्टँडमागे एक मिस्त्री होते. त्यांच्याकडे मीटर नव्हता, टेस्ट लॅम्प होता: होल्डरमध्ये बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला गोणपाट शिवायची सुई. जीपच्या ब्रेकलाइटचा स्विच तेव्हा ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालायचा, नळीच्या वाटेवरच बसवलेला. ब्रेकलाइट लागत नाही अशी तक्रार आली की मिस्त्री मला गाडीच्या मागे उभं करायचे. स्वतः स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना टेकवायचे आणि ओरडायचे, "लागला का रे?" लागला, तर स्विच गेला. नाही लागला, तर सुई घेऊन वायरीच्या वाटेने मागे मागे यायचे, फ्यूज, जोड, बल्ब, अर्थिंग. नवा पार्ट मागवायची वेळ शेवटी यायची, कारण तो यायलाच आठवडा लागायचा. त्या सक्तीतून आलेली ती शिस्त होती: आधी दोष कुठे आहे ते नक्की करायचं, मग खिशात हात घालायचा.

ती शिस्त आज किती उपयोगी आहे ते भाच्याच्या गाडीत दिसलं. संभाजीनगरला असतो तो, गाडी मॅन्युअल, सात-आठ वर्षं वापरलेली. त्याचा फोन आला. "मामा, क्रूझचा दिवा लागतो, पण सेटच होत नाही. वर्कशॉपवाले म्हणतात, स्टिअरिंगची बटणं आणि आतली केबल दोन्ही बदलावं लागेल." मी विचारलं, "हॉर्न वाजतो? स्टिअरिंगवरून आवाज कमीजास्त होतो? एअरबॅगचा दिवा लागलाय का?" हॉर्न वाजत होता, आवाज होत होता, एअरबॅगचा दिवा नव्हता. स्टिअरिंगच्या आत एक चपटी केबल गुंडाळून बसवलेली असते; ती तुटली की सहसा हॉर्न, एअरबॅग, बटणं यांतलं एकाहून जास्त काहीतरी एकदम जातं. इथे सगळं चालू होतं आणि क्रूझच्या बटणाने दिवाही लागत होता. म्हणजे संशय पेडलांवर.

रविवारी मी गेलो. ड्रायव्हरचं सीट पूर्ण मागे घेऊन, पाठीवर आडवं होऊन डोकं स्टिअरिंगखाली घातलं आणि मोबाइलची बॅटरी लावली. ब्रेकचा स्विच जागेवर होता, खिळा दाबलेला. क्लचकडे उजेड वळवला आणि उत्तर समोर होतं. पेडलच्या दांड्याला एक भोक असतं, त्यात प्लास्टिकचा चार-आण्याएवढा स्टॉपर बसवलेला असतो. पेडल वर आलं की स्विचचा खिळा त्या स्टॉपरवर टेकतो. इथे स्टॉपर नव्हताच. खिळा सरळ त्या रिकाम्या भोकातून आरपार गेला होता. म्हणजे पेडल पूर्ण वर असूनही स्विच सुटलेला, आणि कॉम्प्युटर बिचारा समजतोय की या माणसाचा पाय कायम क्लचवर आहे. मॅटच्या कडेला पिवळट तपकिरी चुरा पडला होता, बोटाने दाबला तर बिस्किटासारखा मोडला. भाचा म्हणाला, असा चुरा गेल्या महिन्यात त्याने मॅट झटकताना टाकून दिला होता.

वर्षानुवर्षं उन्हात उभी राहणाऱ्या गाड्यांत हे प्लास्टिक वाळून ठिसूळ होतं. ब्रेकच्या पेडलचा स्टॉपर असाच तुटला तर मागचे लाल दिवे रात्रभर जळत राहतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली. नवा स्टॉपर अगदी किरकोळ पैशांत येतो आणि बोटाने दाबून बसतो. भाच्याची गाडी त्याच दिवशी समृद्धीवर नेली, ८० वर सेट केलं, बसलं. क्लचला नुसता पाय लावला, तात्काळ सुटलं.

भाच्याने विचारलेला एक प्रश्न महत्त्वाचा होता. त्याची गाडी क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाही, आणि स्टार्ट तर रोज होत होती. मग क्लचचा स्विच खराब कसा? अनेक गाड्यांत क्लचला दोन स्विच असतात. एक पेडल तळाला गेल्यावर दाबला जाणारा, स्टार्टरसाठी. दुसरा वरचा, क्रूझसाठी. खालचा ठीक असला म्हणून वरचा ठीक असेलच असं नाही. ब्रेकचंही तसंच झालंय. मिस्त्रींच्या काळी मागचा दिवा लागला की विषय संपला. आता ब्रेकच्या स्विचमध्ये दोन जोड असतात, एकमेकांच्या उलट चालणारे; एक दिवा लावतो, दुसरा कॉम्प्युटरला सांगतो. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर कॉम्प्युटर क्रूझ देतच नाही. दिवा मात्र छान लागत असतो.

स्कॅनरबद्दल माझी तक्रार नाही. उलट मिस्त्रींना तो मिळाला असता तर त्यांनी छातीशी धरला असता. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून क्लच हळूहळू दाबत गेलं की स्विच नेमका कुठे पलटतो ते गाडी उभी असताना पडद्यावर दिसतं; याहून सोपी तपासणी नाही. पण लोक लाइव्ह डेटा बघत नाहीत, कोड वाचतात आणि थांबतात. पी ०७०४ किंवा पी ०८३० असा कोड आला की तो क्लच स्विचच्या सर्किटचा असतो. सर्किट म्हणजे स्विच, त्याची वायर, त्याचा प्लग, फ्यूज, आणि ज्यावर तो टेकतो ती जागा, सगळं आलं. तुटलेल्या स्टॉपरचा वेगळा कोड नसतो, आणि पुष्कळदा कोडच येत नाही, कारण स्विच खोटं बोलत नाही; पेडल वर आल्याचं त्याला कळतच नाही, एवढंच. ते बघायला वाकावं लागतं, आणि हेच वाकणं गॅरेजांतून कमी झालंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुनी एक सवयही या स्विचला नडते. आमच्या पिढीत कित्येकांनी घाटात, गर्दीत डावा पाय क्लचवर ठेवूनच गाडी शिकली. तेव्हा त्याची शिक्षा म्हणजे क्लच प्लेट लवकर जाणं, आणि ती कळायला वर्षं लागायची. आता क्रूझ लावल्यावर पाय क्लचवर हलका टेकला तरी क्रूझ सुटतं आणि माणूस गाडी वर्कशॉपला नेतो. डाव्या पायाला बाजूला विसावा दिलेला असतो, तिथे पाय ठेवून आधी बघावं. जाड मॅट सरकून पेडलाखाली अडकली असेल, किंवा क्लचचं तेल कमी होऊन पेडल पूर्ण वर येत नसेल, तरी लक्षणं हीच.

खालच्या मॉडेलमध्ये बाहेरून क्रूझ बसवून घेण्याचं प्रमाणही बरंच आहे. बसवणाऱ्याने क्लचची वायर जोडली की नाही हे डोळ्यांनी बघा. ती न जोडलेली गाडी म्हणजे अण्णांची जीपच, फक्त दट्ट्यावर हात नसलेली आणि वेग दुप्पट.

लहान स्विच म्हणून कोणी सोडून देऊ नये, याला जगभरचा पुरावा आहे. फोर्डच्या अमेरिकेतल्या गाड्यांत ब्रेक दाबल्यावर क्रूझ तोडणारा एक स्विच होता, आमच्या जीपच्या ब्रेकलाइटसारखाच तेलाच्या दाबावर चालणारा, आणि गाडी बंद असतानाही त्यात करंट असायचा. आतला पातळ पडदा फाटून ब्रेकचं तेल आत गेलं की तो तापायचा. उभ्या गाड्यांनी पेट घेतला. १९९९ ते २००९ या काळात कंपनीला दीड कोटीच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. दट्ट्या ओढून सत्तरच्या दशकातल्या त्या रस्त्यावर रात्री जीप चालवणं धोक्याचंच होतं, आणि अण्णा निभावले ते त्यांच्या हाताच्या शिस्तीवर. आजची व्यवस्था शंका आली की वेग सोडते, ही फार मोठी सुधारणा आहे. जे हरवलं ते एवढंच, की गाडी चालवणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला दोघांनाही पेडलमागे काय आहे हे माहीत असायचं.

म्हणून सांगतो. तुमची गाडी मॅन्युअल असेल आणि तिला क्रूझ असेल, तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी पाठीवर झोपून दोन्ही पेडलांमागे एकदा उजेड टाका, स्टॉपर जागेवर आहेत का बघा. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात क्रूझ लावून क्लच आणि ब्रेक वेगवेगळे हलके दाबून बघा. दोन्ही वेळा ते लगेच सुटलं पाहिजे. सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डवर 'क्लच स्विच व स्टॉपर तपासणे' असं लिहून घ्या. आणि क्लच दाबल्यावर काटा वर चढताना दिसला, तर त्याच क्षणी क्रूझ बंद करा आणि स्विच बदलून होईपर्यंत पुन्हा लावू नका.